कोंडाबाईची पट्टी

बेल्ह्यात पाण्याच्या मोटारी भरून देणारी तीन दुकानं आहेत. दोन स्टँडसमोर, आणि तिसरं जरा आत, बैलबाजाराच्या मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला. आणे पठारावरचा शेतकरी आपली जळालेली मोटार घेऊन घाट उतरतो, पहिली दोन दुकानं ओलांडतो आणि तिसऱ्यापाशी येऊन थांबतो. तिथं भरलेली मोटार पुन्हा लवकर जळत नाही, हे त्याला माहीत असतं. त्या दुकानात बसते ती कल्याणी; घर तिचं वर पठारावरच्या वाडीत. वय शेहेचाळीस, अंगावर साडीवरून घातलेला निळा शर्ट, आणि बोटांना वार्निशचा पिवळट रंग, जो आंघोळीनं जात नाही.

मोटार भरणं म्हणजे आतली जळालेली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी तार मोजून-मापून त्याच खाचांत बसवायची. हे काम तिला सासऱ्यानं शिकवलं. तुळशीदास त्यांचं नाव. सून दुकानात बसते म्हणून तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. तुळशीदास म्हणायचे, "तारेला कळत न्हाई हात बाईचा का बाप्याचा. तिला फक्त वेढे मोजलेले कळत्यात." कल्याणीनं वेढे मोजले. वीस वर्षं मोजते आहे.

तुळशीदासांची दोन कामं होती. दिवसा मोटारी, आणि सणासुदीला पेटी. त्यांची बायको कोंडाबाई गायची. दोघांची ही जोडी जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुक्यांत माहीत होती. जयंती असो, गृहप्रवेश असो, नामकरण असो, बौद्धवस्तीत कोंडाबाईच्या गाण्यावाचून कार्यक्रम उभा राहत नसे. गाणी तिची तिनंच रचलेली. कुठल्या वहीत लिहिलेली नाहीत, कारण तिला लिहिता येत नाही. सगळी डोक्यात.

आणि तिची एक सवय होती. गायला बसली की ती पट्टी ठरवून घेत नसे. दुसरे गाणारे आधी पेटीवाल्याला सांगतात, काळी चार धरा, पांढरी पाच धरा. पेटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, त्यांच्याच नावानं सुराची उंची सांगायची ही आपल्याकडची रीत. कोंडाबाई काहीच सांगत नसे. "मी उचलीन तितून," एवढंच म्हणायची, डोळे मिटायची आणि सुरू व्हायची. तिची पहिली ओळ अर्धी होईपर्यंत तुळशीदासांची बोटं बरोब्बर त्या पट्टीवर जाऊन बसलेली असत. लोकांना वाटायचं, घरून ठरवून येतात. ठरवलेलं कधीच नसायचं.

दोन वर्षांपूर्वी तुळशीदास गेले. पेटीवर कोंडाबाईनं चादर टाकली आणि कोणालाही हात लावू दिला नाही. वैशाखी पौर्णिमेला वाडीतल्या विहारात ती चाळीस वर्षं गात आली होती. त्यानंतरची दोन वर्षंही गायली, पण नुसती, टाळ्यांवर. मधेच एकदा तिचा हात बाजूला गेला, जिथं तुळशीदास बसायचे तिकडं. कल्याणीनं ते पाहिलं.

यंदा होळी झाल्यावर विहाराच्या कमिटीतला कपिल घरी आला. चांगला पोरगा, बँकेत नोकरीला.

"आजी, औंदा मी ट्रॅक आणतो," तो म्हणाला. "नुसतं म्युझिक असतं. स्पीकरवर लावायचं, तुम्ही वरून गायचं."

"आन् माझी पट्टी?"

"ट्रॅकची पट्टी ठरलेली असते, आजी. तुम्ही तिच्यात बसवून घ्यायचं."

कपिल गेल्यावर कोंडाबाई पाटावरून उठता उठता म्हणाली, "सत्तरी उलटल्यावर मला कुनाच्यात बसवून घ्यायला सांगतो."

भिंतीवर खिळ्याला एक गिटार टांगलेली होती. कल्याणीची मुलगी अमृता नाशकात नर्स आहे. पुण्यात कॉलेजात असताना तिनं ती घेतली होती, आणि नोकरी लागल्यावर घरी आणून ठेवली होती. त्या संध्याकाळी कल्याणीनं ती खाली काढली, धूळ पुसली आणि अमृताला फोन लावून सूर जुळवून घेतले. मनाशी एकच ठरवलं: पौर्णिमेला आत्याला ट्रॅकवर गाऊ द्यायचं नाही. सासूला ती आत्या म्हणे.

सुरुवात तिनं स्वतःच्या अकलेनं केली, आणि तिथंच चुकली. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या काड्या असतात, त्यांच्या मधली जागा म्हणजे एकेक घर. घरं सगळी सारखीच काळपट. पेटीसारखं काळं-पांढरं काही नाही. वीस वर्षं सासऱ्याच्या पेटीकडे बघितलेल्या बाईला ते सहन होईना. तिनं सोमवारच्या बाजारातून नखांचा पांढरा रंग आणला. सगळ्यात जाड तार एकेक घर दाबून वाजवली, पेटीशी मनातल्या मनात पडताळली, आणि जिथं पांढरी पट्टी येते ते अख्खं घर या काठापासून त्या काठापर्यंत पांढरं करून टाकलं. काळ्या घरांना काही लावावं लागलं नाही, लाकूड मुळातच काळं. रंग वाळल्यावर तिनं गिटार दूर धरून पाहिली आणि खूष झाली. आडवी पेटीच झाली होती.

पण पांढऱ्या घरात जाड तारेवर जे वाजे, ते त्याच घरात शेजारच्या तारेवर वाजेना. तिसरीवर आणखी भलतंच. ती दोन आठवडे स्वतःच्याच रंगाशी भांडत राहिली. शेवटी फोनवरच्या एका शिकवणीतून चार कॉर्ड तोंडपाठ केले. कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम दाबून धरायचे, बोटांचा एक ठरीव आकार करायचा. चार आकार, चारही मानेच्या टोकाशी, आणि चारही एकाच पट्टीचे, पांढरी पाचचे. तिला वाटलं, झालं काम.

चैत्रात घोडेगावला कोंडाबाईच्या लेकीच्या, इंद्रायणीच्या नव्या घराचा गृहप्रवेश होता. वंदना झाली, पाव्हणेरावळे सतरंजीवर बसले, आणि कल्याणी गिटार घेऊन सासूशेजारी बसली. बायकांत खसखस पिकली.

"आत्याबाई, सूनबाई पिच्चरमदी चालली का काय?" एकीनं विचारलं.

"मोटार बंद पडली आसंल कुनाची," दुसरी म्हणाली, "वाजवून बघती."

कल्याणीही हसली. तेवढ्यात कोंडाबाईनं डोळे मिटून गाणं उचललं:

"उजेडाचं बी पेरलं गं बाई, माझ्या कोरड्या रानात..."

ती पांढरी पाच नव्हती. तिच्या बरीच खाली होती. कल्याणीनं पहिला आकार धरला, तो लागला नाही. दुसरा धरला, तोही नाही. चारच आकार तिच्यापाशी. ती घामाघूम झाली आणि वाकून सासूच्या कानात म्हणाली, "आत्या, जरा वर घ्या ना."

कोंडाबाईनं डोळे उघडले. एकदा सुनेकडे बघितलं आणि वर घेतलं. पहिली ओळ गेली. अंतऱ्यात जिथं सूर चढतो तिथं म्हातारीचा गळा फाटला. चाळीस वर्षांत कधी फाटला नव्हता, तो भर पाव्हण्यांत, लेकीच्या दारात फाटला. ती थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि हसून म्हणाली, "इंद्रे, पावण्यांना पानं वाढ. भुकंचा टाइम झालाय."

परतीच्या वाटेवर जीप आणे घाट चढत असताना कोंडाबाई म्हणाली.

"पुनवंला मी गानार न्हाई."

"आत्या..."

"तुझ्यावर राग न्हाई गं. पन मानसानं गानं गायाचं का डब्याच्या मागं पळायचं? ते व्हते तवा पेटी माझ्याकडं यायची. आता मीच पेटीकडं जायचं, तर माझं सरलं म्हनायचं."

कल्याणी खिडकीतून बघत राहिली. पठारावर उन्हानं रान पिवळं पडलं होतं. पौर्णिमेला एकवीस दिवस होते. या बाईचं गाणं आपल्या हातानं बंद पडलं, हे घेऊन आपल्याला उरलेला जन्म काढता येणार नाही, एवढं तिला स्पष्ट कळलं.

उन्हाळा म्हणजे मोटारींचा हंगाम. बोअरची पाणीपातळी खाली जाते, मोटारी कोरड्या चालतात आणि जळतात. दुकानापुढे रांग लागली होती. त्या रांगेत संपत होता, पठारावरचा कांदेवाला, तोंडाळ गडी. मोटार भरून होईपर्यंत तो समोर डब्यावर बसून राहायचा.

कल्याणी मोटारीचा गाभा मांडीवर घेऊन बसली होती. आत गोलाकार चोवीस खाचा. ती खडूनं एका खाचेवर खूण करून मोजायला लागली. "एक ते बारा. त्याच्या आत दोन ते अकरा..."

"वैनी," संपत म्हणाला, "एक इचारू का? ह्या समद्या खाचा सारख्याच. मंग तुमी एक नंबर कुनाला म्हनता? कंपनीनं लिव्हलंय का काय आत?"

"कंपनी कशाला लिव्हील? मी जितून सुरू करीन ती एक नंबर."

"आन् दुसरीकडून सुरू केलं तर?"

"तर ती एक नंबर. तिथून पुढं माप त्येच. अंतर बदलत न्हाई, भाऊ, सुरुवात बदलती..."

एवढं बोलून तिचा खडू हातातच राहिला. संपत तोंडाकडे बघत बसला. "काय झालं वो? माझी मोटार गेली का?"

"न्हाई, तुमची चांगली हाय," कल्याणी म्हणाली. "मी वीस वर्षं जे करते ते मला आज कळलं."

त्या दिवशी घरी जाताना तिनं दुकानातली थिनरची बाटली पिशवीत टाकली. ओट्यावर बसून गिटारच्या मानेवरचा पांढरा रंग पुसून काढला, अगदी कोपऱ्याकोपऱ्यातून. घरं पुन्हा सगळी सारखी झाली. आता तिला ती सारखी दिसण्याचा त्रास होईना. मोटारीच्या खाचांनाही कुठं रंग असतो?

मग तिनं कुठल्याही घरात सरकवता येईल असा एकच आकार धरला: अंगठ्याशेजारचं पहिलं बोट सहाही तारांवर आडवं, दाबून. मधलं बोट एक घर पुढं. बाकीची दोन, दोन घरं पुढं. हा एक आकार. जाड तारेवर पहिलं बोट ज्या घरात असेल, ती त्याची पट्टी. अख्खा हात तसाच उचलून एक घर सरकवला की पट्टी एक पायरी चढली. दोन घरं मागं आणला की दोन पायऱ्या उतरली. मधलं बोट नुसतं उचललं की तोच आकार उदास होतो. बोटांनी काहीही नवं शिकायचं नाही, फक्त अख्ख्या हातानं चालत जायचं.

म्हणायला सोपं. पहिलं बोट आडवं ठेवलं की निम्म्या तारा नुसत्या थडथडत. आठ दिवस तिचं ते बोट दिवसा तांब्याची तार ओढी आणि संध्याकाळी गिटारची तार दाबी. कडेला खोल चर पडले. नवरा बुद्धभूषण नारायणगाव डेपोत कंडक्टर, घरी आला की विचारायचा, "आज किती तारा बोलल्या?" ती म्हणायची, "चार." मग पाच. एका संध्याकाळी सहा बोलल्या तेव्हा तो चहाचा कप तसाच धरून उभा राहिला.

मग सरगम. सा कुठल्याही घरात धरा, तिथून तीन तारांवर सात सूर एका साच्यात बसतात, हेही तिनं मोजून काढलं. जाड तारेच्या पाचव्या घरातला सूर म्हणजे शेजारच्या तारेचा मोकळा, काही न दाबता वाजणारा सूर. तिचं पाचवं घर म्हणजे पुढची मोकळी. पाच, पाच, पाच असं बिनचूक चाललेलं, आणि एका जागी येऊन पाचाऐवजी चारच. तिनं तीनतीनदा मोजलं आणि रागानं नाशिकला फोन लावला.

"अमृता, तुझी गिटार चुकीची भरलीय."

"म्हणजे?"

"एका तारेला एक घर कमी लागतंय. ज्यानं केली त्यानं मोजताना गडबड केली."

अमृता खूप हसली. "आई, सगळ्या जगात तशीच असते ती."

"मंग सगळ्या जगात एकदाच चुकलं आन् तेच चालू ठेवलं," कल्याणी म्हणाली. पण तिनं ते एक घर लक्षात ठेवलं, आणि तिथं साचा एक घर सरकवायची बोटांना सवय लावली.

सासूला यातलं तिनं काही सांगितलं नाही. कोंडाबाई गाणार नाही म्हणाली होती, पण गुणगुणणं तिच्या हातात नव्हतं. ती मागच्या अंगणात लसूण सोलत बसली की आपोआप ओठांतून सूर निघे. भिंतीच्या अलीकडे कल्याणी मांडीवर गिटार घेऊन बसे आणि अगदी हळू, एका बोटानं, तो सूर जाड तारेवर शोधी. सापडला की आकार टाकी. सकाळी म्हातारीचा गळा खाली असतो, चहानंतर एक घर चढतो, उन्हं कलली की आणखी एक, हे तिला आठवड्याभरात कळलं. तुळशीदासांच्या ज्या पट्टी पकडण्याला लोक चाळीस वर्षं घरून ठरवलेलं समजत होते, त्याच्या आत किती ऐकणं होतं, हेही कळलं.

एका दुपारी अंगणातला सूर एकदम तुटला. कल्याणीचा हात थांबला. मग पलीकडून गाणं पुन्हा उचललं गेलं, पण भलत्याच उंचीवरून. कल्याणी शोधत गेली, सातव्या घरात सापडलं. पुन्हा तुटलं. आता एकदम खाली. ती उतरली, तिसऱ्या घरात. पुन्हा वर. पुन्हा खाली. पलीकडची बाई सूर टाकत होती, अलीकडची वेचत होती. मधे मातीची भिंत. शेवटी लसणाची टोपली उचलल्याचा आवाज आला.

जेवताना कोंडाबाई भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "पुनवंला सकाळच्या पारी माझा गळा लई बसलेला आसतो. सांगून ठेवते."

कल्याणीनं मान खाली घालून "हां" म्हटलं. वर बघायचा तिला धीर झाला नाही.

पौर्णिमेच्या सकाळी विहार भरून गेला होता. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, बाहेर चुलाणावर खीर. संपतही आला होता, मागं दाराशी उभा. कपिल स्पीकर लावून बसला होता. तो कल्याणीजवळ येऊन हळूच म्हणाला, "काकू, मी ट्रॅक तयार ठेवलाय. घोडेगावसारखं काही झालंच तर लगेच लावतो."

"ठेव," कल्याणी म्हणाली.

वंदना झाली. कोंडाबाई पुढं येऊन बसली. कल्याणी तिच्या डाव्या हाताला बसली. म्हातारीनं डोळे मिटले आणि उचललं.

कल्याणीनं आयुष्यात तिला इतक्या खालून उचलताना ऐकलं नव्हतं. भिंतीआडून सुद्धा नाही. तिनं जाड तार छेडली, पहिलं घर, मोकळी तार. तिथं नव्हतं. मोकळ्या तारेच्याही खाली एक पायरी. म्हणजे जाड तारेवर हवं तर थेट अकराव्या घरात, मानेच्या पार टोकाला, जिथं तिचं बोट कधी नीट बसलं नव्हतं. गाण्याची पहिली ओळ संपत आली होती. कपिलचा हात स्पीकरकडे गेलेला तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला.

तिनं जाड तार सोडली. शेजारची तार धरली आणि मोकळ्यापासून मोजलं. सहावं घर. तिथं पहिलं बोट आडवं, बाकीची तीन बोटं दोन घरं पुढं, एका ओळीत. हा दुसरा आकार, त्या शेजारच्या तारेवरून मोजायचा, शिकून ठेवलेला पण कमी वापरलेला. टाकला.

लागला. असा लागला की कोंडाबाईची पाठ ताठ झाली.

दुसरी ओळ दोघींनी मिळून गाठली. अंतरा आला, सूर चढला, म्हातारीचा गळा आरामात वर गेला, कारण तो त्याच्या स्वतःच्या जागेवरून निघाला होता. लोकांनी टाळ्या धरल्या. दुसरं गाणं तिनं तीन पायऱ्या वरून उचललं; कल्याणी जाड तारेवर दुसऱ्या घरात जाऊन तिची वाट बघत बसल्यासारखी हजर. तिसऱ्या गाण्यात कोंडाबाईनं शेवटचं कडवं मधेच एक पायरी चढवलं, खास सुनेची परीक्षा घ्यायला. हात एक घर सरकला. कोणाला कळलंसुद्धा नाही. एक कोंडाबाईला कळलं. तिनं गाता गाता डोळे उघडले, सुनेच्या त्या पिवळ्या बोटांकडे बघितलं, आणि पुन्हा मिटून घेतले.

गाणी संपली तेव्हा कपिल उठून पुढं आला. चांगला पोरगा, मनानं मोकळा. खाली बसून म्हणाला, "आजी, चुकलो. पुढच्या वर्षी ट्रॅक नाही. मोठा कार्यक्रम करू, जुन्नरची माणसं बोलवू. फक्त मला सांगा, तुमची पट्टी कोणती? पत्रिकेवर काही नको, साउंडवाल्याला सांगायला लागेल."

कोंडाबाईनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, सावकाश दोन घोट घेतले आणि खाली ठेवला.

"मला काय इचारतो?" ती म्हणाली. "ही बसलीय ना. मी कुटं आसते ते हिला म्हाईत हाय."

आणि खिरीसाठी उठू लागलेल्या माणसांकडे न बघता तिनं घसा साफ केला आणि चौथं गाणं उचललं. कल्याणीचा हात गिटारच्या मानेवरून चालायला लागला होता.